कापलेली सडक

आत्याचं घर नागपूर–रायपूर सडकेला इतकं लागून होतं, की जेवताना भरलेला ट्रक गेला तर ताटातल्या वरणावर तरंग उठायचे. त्या घरात हळू बोलायची सोयच नव्हती. लाडाचं बोलणं, भांडणाचं बोलणं, देवासमोरचं बोलणं, सगळं एकाच पट्टीत, घसा ताणून. डी.एड. होऊन मी गोंदियाहून तिथे राहायला आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, हे लोक आपल्यावर चिडलेले आहेत. मग कळलं, आत्या फक्त विचारत होती की भात आणखी वाढू का. आणि भात नको म्हणायची हिंमत त्या घरात कुणाला नव्हती. लाखोरीच्या डाळीचे वडे, जवसाची चटणी, कनकीचा, म्हणजे तुकडा तांदळाचा सैलसर भात आणि थंडीत चुलीवरून थेट ताटात पडणारी तांदळाची रोटी. तसं जेवण मी नंतर कुठे जेवले नाही. शहरातल्या लग्नांत हल्ली 'गावरान थाळी' नावाचा एक कोपरा असतो, तिथे उभं राहून मी फक्त बघते आणि पुढे जाते.

फुफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, मोठे धानवाले शेतकरी. आपले पूर्वज माळव्यातून आले हे ते धानाच्या व्यापाऱ्यालाही सांगत आणि बैलालाही. पोवारी ही आमची घरची बोली, पण माझी शहरात गंजलेली पोवारी ऐकून त्यांना हसू येई, म्हणून माझ्याशी ते इकडच्या झाडीबोलीत बोलत. मास्तरकीबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. ज्याला शेती झेपत नाही तो दुकान टाकतो, ज्याला दुकान झेपत नाही तो मास्तर होतो. मी सकाळी साडीला पिना लावून निघाले की ओसरीवरून आवाज यायचा, "चालली का मास्तरीन? जा बापा, देश उभा हाय तुझ्या भरवशावर!"

शाळा सडकेच्या पलीकडे होती. वस्ती अलीकडे, शाळा पलीकडे. अशी शाळा कुणाच्या डोक्यातून निघाली असेल याचा विचार मी अजूनही करते, आणि दरवेळी त्या डोक्याबद्दल माझं मत आणखी वाईट होतं. पहिली ते चौथीची जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, एक हेडमास्तर आणि एक मी. मी शिक्षण सेवक होते. म्हणजे तीन वर्षं राबायचं आणि वरच्या साहेबांचा शेरा चांगला पडला तर कायम व्हायचं. तो शेरा मारणारे तालुक्याचे विस्तार अधिकारी शाळेत यायचे ते गाडीचं इंजिन चालू ठेवून. मुलांना एक पाढा विचारायचा, हजेरीवर सही करायची आणि जाताना हेडमास्तर गुरुजींना विचारायचं, "यंदा बोरं कशी आहेत तुमच्याकडं?" संध्याकाळपर्यंत बोरांची पिशवी त्यांच्या घरी पोचलेली असे. गुरुजींना शिक्षणशास्त्र एवढंच येत होतं, पण ते उत्तम येत होतं.

त्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेने आमच्या तालुक्यातल्या काही शाळा निवडल्या. मुलांनी स्वतःच आवाज रेकॉर्ड करायचे, संगणकावर कापायचे, जोडायचे आणि आपल्या गावाचे छोटे कार्यक्रम तयार करायचे. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणते. चांगली कल्पना नालायक माणसांच्या हाती पडली की काय होतं, ते पुढे सांगते. प्रशिक्षणाला संस्थेचे निनाद सर आले. खादीचा झब्बा, गळ्यात हेडफोन. ते हेडफोन त्यांनी चहा पितानाही काढले नाहीत. ते आम्हा शिक्षकांनाही 'बाळांनो' म्हणायचे. "बाळांनो, डोळे मिटा आणि आपल्या गावाचा आवाज ऐका." आम्ही डोळे मिटले. बाहेर कुणीतरी ट्रकच्या टायरवर घण घालत होतं. "काय ऐकू येतं?" एक जण म्हणाला, "टायर खोलून राहिले जी." निनाद सरांचा चेहरा पडला. "नाही नाही, त्याच्या पलीकडचं. पाखरं, वारा, सारस! तुमच्याकडे सारस आहे ना?" सारस होता, दूर तलावावर, आणि तो निनाद सरांच्या वेळापत्रकाप्रमाणे ओरडत नव्हता. पण त्या दिवसापासून मला समजलं की आमच्या जिल्ह्याकडून पुण्याला एकच गोष्ट हवी आहे, आणि ती म्हणजे एक पक्षी.

शाळेसाठी एक जुना संगणक आणि हाताच्या पंजाएवढा रेकॉर्डर मिळाला. हेडमास्तर गुरुजींनी रेकॉर्डर खोक्यासकट कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. मी मागितला तर म्हणाले, "पोरांच्या हातात द्यायचा? खराब झाला तर?"

"गुरुजी, पोरांसाठीच तर आला आहे."

"वापरला तरच खराब होतो, म्याडम. नाही वापरला तर दहा वर्षं नवा राहतो." आणि त्यांना ते खरोखर पटलेलं होतं. अखेर तालुक्याहून फोन आला की प्रत्येक शाळेचा कार्यक्रम सीडीवर पाहिजे, मोठे पाहुणे येणार आहेत. त्याच दुपारी किल्ली जानव्यावरून उतरली.

मुलांना शिकवायला मला स्वतःला काय येत होतं? फारसं नाही. पण यंत्र समजून घ्यायला मुलांना शिक्षक लागत नाही, फक्त कुलूप उघडणारा माणूस लागतो. वाऱ्याने माइक फुरफुरतो हे कळल्यावर त्यांनीच त्याच्यावर पायमोजा चढवला. संगणकाच्या पडद्यावर आवाजाची रेघ वर-खाली जायची. मोठा आवाज उंच, बारीक आवाज बुटका, शांतता सपाट. उंच भागाला मुलांनी नाव दिलं डोंगर आणि सपाट भागाला बांधी, म्हणजे आमच्याकडचा धानाचा वाफा. "म्याडम, या डोंगराच्या इकडून कापू का बांधीतून कापू?" असं विचारणाऱ्या चौथीतल्या पोरांना मी सांगायचे, बांधीतून काप, म्हणजे जोड कळत नाही. बोलणाऱ्याचा श्वास मात्र कापायचा नाही, नाहीतर माणूस भुतासारखा बोलतो. तासातून एकदा तरी वीज जायची, म्हणून माउस एकाच्या हातात असला तरी मागून सगळा वर्ग ओरडत असायचा, "सेव्ह कर वं! सेव्ह कर!" पाढे म्हणताना एवढा जोर मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

पहिले कार्यक्रम भिकार झाले. प्रत्येक पोर नाकातून आवाज काढून "नमस्कार मित्रांनो, आज आपण पाण्याचे महत्त्व जाणून घेणार आहोत" असं सुरू करायचं. तोच आवाज, तेच पाणी, तेच महत्त्व. मी विचारलं, "हे कोण बोलतंय? तुम्ही घरी असं बोलता का?" पोरं हसली. मग मी म्हटलं, ज्याची तुम्हाला रोज आठवण राहते, ज्याच्याबद्दल सांगायला पुस्तक लागत नाही, ते सांगा. वर्गात टिकेश्वरी नावाची मुलगी होती, सगळे तिला टिकी म्हणत. खरबरीत, जाड आवाजाची, बोलली की सर्दी झाल्यासारखी वाटणारी. ती उभी राहिली. "सडक," ती म्हणाली.

"सडकेचं काय?"

"ते वलांडा लागते नं जी रोज."

रोज मीही ती सडक ओलांडत होते. आत्याच्या दारातून निघायचं, दोन्हीकडे बघायचं, जायचं. मोठ्या माणसाला तेवढं पुरतं. मुलांना ते कसं दिसतं हे मी कधी विचारलंच नव्हतं, आणि गावातही कुणी विचारलं नव्हतं, कारण उन्हाळी धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत आया उजाडायच्या आधी बांध्यांत जायच्या आणि बाप त्यांच्याही आधी. शाळेच्या वेळी पोरांना पोरंच आणायची.

मुलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी सडकेच्या कडेला उभं राहून रेकॉर्डिंग केलं. मी बाजूला उभी होते. टिकी माइक धरून होती. "आता आमी सडकेवर उभे हाओत. थांबून राहिलो. आइका." मग ट्रक. मग दुसरा. मग बस. मधे टिकीचा आवाज, "आता नाई." पुन्हा ट्रक. "आता बी नाई." आणि मग एकदम ओरडणं, "चला!" आणि चपलांचा फटफट आवाज, दप्तरातल्या डब्यांचा खडखडाट, आणि मागून भोंगा वाजवत येणारी गाडी. पलीकडे पोचल्यावर तिने दुसरीतल्या भोजूला विचारलं, "भोजू, तुले भेव वाटते का?" भोजू लहानखुरा, मोठ्या भावाच्या चपला घालणारा. तो धापा टाकत होता. म्हणाला, "मी डोळे लावून घेतो अना पळतो. टिकीबाई चला मनते तवा." 

पोर डोळे मिटून सडक ओलांडत होतं. रोज.

संगणकावर जोडताना भांडण झालं. एका मुलाचं म्हणणं, ट्रकांची वाट बघण्याचा भाग फार लांब आहे, कापून टाकू. टिकीने माउस दाबून धरला. "कापलं तं मंग आपून थांबलो कुठी?" ती म्हणाली. पुढे मी शिक्षकांच्या कितीतरी प्रशिक्षणांत बसले, मोठमोठ्या पदव्यांच्या लोकांची भाषणं ऐकली, पण संकलन म्हणजे काय ते याहून नेमकं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. वाट बघणं पूर्ण ठेवलं. शेवटी टिकीने स्वतःच्या मनाने एक वाक्य जोडलं, "इथं गाड्या हळू होतील असं कायीतरी करा जी." सीडी तालुक्याला गेली. हेडमास्तर गुरुजींनी ती ऐकली नाही. वर नाव आणि शाळेचा शिक्का नीट आहे ना, तेवढं पाहिलं.

घरी मी जेवताना हे सांगितलं. फुफाजी रोटी मोडत म्हणाले, "म्हणजे पोट्ट्यायले बोलाले शिकवून राहिली का तू? बोलतेतच नं ते. गप राहाले शिकव." आत्या मला भात वाढायचा विसरली. आत्या भात विसरली असं त्या घरात फार वेळा होत नसे.

कार्यक्रम तालुक्याच्या गावी, सडक अर्जुनीला, एका मंगल कार्यालयात ठेवला होता. मंचावर मोठे पाहुणे, त्यांच्या शेजारी विस्तार अधिकारी साहेब, त्यांच्या शेजारी निनाद सर. हेडफोन गळ्यात होतेच. खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मुलं. आमची मुलं धुतलेल्या गणवेशात, केसांना तेल चोपडून, पुढच्या रांगेत. इतर शाळांचे कार्यक्रम झाले. पाणी, झाडे, स्वच्छता. मग निनाद सर उभे राहिले आणि म्हणाले, "आता एका छोट्याशा गावाची, शाळेच्या वाटेवरची सुंदर ध्वनिचित्रकथा. आम्ही त्यावर थोडे संस्कार केले आहेत."

संस्कार! हा शब्द ऐकला की मला आजही हात धुवावेसे वाटतात.

बासरी वाजली. मग सारस ओरडला. मग एका मुलीचा गोड, घासूनपुसून काढलेला पुणेरी आवाज आला, "आमची शाळा रस्त्याच्या पलीकडे आहे. रोज सकाळी आम्ही आनंदाने पळत पळत शाळेत जातो." आणि मग आमच्या मुलांच्या पायांचा आवाज, चपलांचा फटफटाट, डब्यांचा खडखडाट. एवढाच आमचा भाग त्यांनी ठेवला होता. भीतीने पळणारे पाय आणि आनंदाने पळणारे पाय कानाला सारखेच लागतात, हे निनाद सरांनी बरोबर ओळखलं होतं. त्यांच्या अंगच्या हुशारीबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी पुन्हा सारस, आणि "धन्यवाद!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या रांगेत कुणी वाजवल्या नाहीत. भोजू स्वतःच्या चपलांकडे बघत होता. त्याने त्या आवाजात त्या ओळखल्या होत्या. टिकी मागे वळून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. एखाद्याने आपल्याला फसवलं आणि वर फसवायलाही नीट आलं नाही, अशा वेळी माणूस जसं बघतो तसं ती बघत होती. "म्याडम," ती पुटपुटली, "त्यायनं श्वास कापला. मधी जोड हाय."

पाहुण्यांनी मुलांना मंचावर बोलावलं. "कुणाचा हा इतका गोड आवाज? पुढे या बेटा." हेडमास्तर गुरुजींनी टिकीला पाठीवर ढकललं आणि कानात सांगितलं, "धन्यवाद म्हण." माइक तिच्यापुढे आला. ती खरबरीत आवाजात म्हणाली, "हा माया आवाज नाई जी. कोनाचा हाय मालूम नाई. आमी तं सडकेचं सांगतलं होतं."

सभागृहात हशा झाला. तो हशा मी विसरलेली नाही. ते लहान मुलीच्या बोलीला हसत होते. तिने काय सांगितलं ते कुणी ऐकलंच नव्हतं. विस्तार अधिकारी साहेब हसत हसत उठले, माइक घ्यायला हात पुढे केला आणि म्हणाले, "लहान मुलं आहेत, गडबडतात." मग खाली माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माझी तीन वर्षं होती, माझा शेरा होता, कायम होणं होतं, गोंदियाला वडिलांनी माझ्यावर ठेवलेल्या सगळ्या आशा होत्या. मला वाटलं होतं असा क्षण आला की आपल्याला विचार करावा लागेल. लागला नाही. त्या माणसाच्या तोंडावर इतकं उघडं अज्ञान आणि इतका उघडा माज होता, की त्याची भीती वाटायला मला लाज वाटली.

रेकॉर्डर माझ्या पर्समध्ये होता. मुलांनी जोडलेला मूळ कार्यक्रम त्यात परत भरून ठेवलेला होता. मी मंचावर गेले, साहेबांच्या हातातून माइक घेतला आणि रेकॉर्डर त्याला लावला. मंगल कार्यालयात ट्रक शिरले. एकामागून एक. "आता नाई." ट्रक. "आता बी नाई." लोक चुळबुळायला लागले. निनाद सर कानाजवळ येऊन म्हणाले, "अहो, लेव्हल फाटते आहे!" मी म्हटलं, "फाटू द्या." मग भोजूचा आवाज आला, डोळे लावून घेतो अना पळतो. मग टिकीचं शेवटचं वाक्य. मग शांतता. बांधी.

मला वाटलं आता काहीतरी होईल. मी तेवीस वर्षांची होते, तेवढं वाटायला माफी असावी. पाहुणे उठले, त्यांनी टिकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मुलांमध्ये खूप टॅलेंट आहे. खूप." आणि शेजारी वळून विचारलं, "जेवणाची व्यवस्था कुठे?" संपलं. इतकंच. भात, मटार-पनीर आणि गुलाबजाम. निनाद सरांनी दोन वेळा गुलाबजाम घेतले आणि मला समजावलं, "ताई, वास्तव दाखवायला हरकत नाही, पण ते श्रवणीय हवं. आणि बोली चालते, पण थोडी स्वच्छ हवी." मी विचारलं, "सारस झाडीबोलीत ओरडला होता की स्वच्छ?" त्यांना ते कळलं नाही. त्यांनी विचार करून सांगितलं की तो संग्रहातला आवाज होता, राजस्थानातला.

मला कारणे दाखवा अशी नोटीस आली. विनापरवानगी मंचावर जाणे, वरिष्ठांच्या हातातून माइक घेणे, कार्यक्रमाची शोभा घालवणे. हेडमास्तर गुरुजींनी ती माझ्यापुढे ठेवली आणि रेकॉर्डर परत मागितला. मी म्हटलं, सोमवारी देते. घरी फुफाजी आधीच भडकलेले होते. त्यांना कुणीतरी अर्जुनीच्या बाजारात गाठून सगळं सांगितलं होतं. "साहेबाच्या हातचा माइक हिसकला मनते! काऊन? तुले कोन्या गोष्टीची कमी होती? बापाचं नाव, आमचं नाव..." ते बराच वेळ बोलले. आत्या चुलीपुढून उठून आली, हात पदराला पुसले आणि त्यांच्याकडे न बघता मला म्हणाली, "लाव वं ते. मले आयकू दे."

मी अंगणात रेकॉर्डर लावला. आत्याने तो कानाशी धरून पूर्ण ऐकला. मग म्हणाली, "चाल माझ्यासंगं." संध्याकाळी बाया रोवणीहून परत येऊन बोअरिंगवर पाणी भरायला जमत, चिखलाने पोटऱ्या भरलेल्या. आत्याने सगळ्यांच्या घागरी खाली ठेवायला लावल्या. तिला आवाज चढवावा लागला नाही. तिचा नेहमीचाच पुरला. माझ्या त्या पिटुकल्या यंत्रावर पंधरा-वीस बाया वाकल्या. ट्रक गेले, टिकी बोलली, पाय धावले. आणि भोजूचा आवाज आला. भोजूची माय, ऐन पंचविशीची बारकी बाई, माझ्याकडे बघून म्हणाली, "डोळे लावून?" तिने पुन्हा विचारलं, "रोज?" टिकी तिथेच होती, तिने मान हलवली. ती बाई घागर तिथेच टाकून घराकडे चालू लागली, आणि थोड्या अंतरावर धावू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया बांध्यांत गेल्या नाहीत. शाळेच्या वेळी त्या सडकेवर आल्या, एक रांग नागपूरकडे तोंड करून, एक रायपूरकडे. हात पसरून उभ्या राहिल्या. गाड्या करकचून थांबल्या. रायपूरकडचा एक ड्रायव्हर खाली उतरला आणि ओरडला, "अरे माताजी, ये नेशनल हायवे है!" आत्याने त्याला विचारलं, "तेरे बच्चे है का?" तो म्हणाला, हैं. आत्या म्हणाली, "तो चुप बैठ." तो खरोखर केबिनमध्ये जाऊन बसला. पोरं मधून गेली, सावकाश, इकडेतिकडे बघत. भोजू मधोमध थांबून ट्रकांची रंगीत तोंडं बघायला लागला, त्याला ओढून न्यावं लागलं. सडक त्याने बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

हे रोज सुरू झालं. ढाब्यापर्यंत रांगा लागल्या तेव्हा पोलीस आले, मग तहसीलचे लोक आले, मग ज्यांना आतापर्यंत गावाचं नाव माहीत नव्हतं असे बरेच जण आले. फुफाजींनी दोन दिवस तोंड फुगवलं. रोवणी मागे पडत होती. तिसऱ्या दिवशी ते काठी घेऊन सडकेवर आले आणि पुरुषांसाठी आणखी एक रांग असावी असं म्हणू लागले. आत्याने त्यांना घरी पाठवलं, म्हशीला चारा घाला म्हणून.

शेवटी सडकेवर गाड्या हळू करणाऱ्या जाड पांढऱ्या पट्ट्या पडल्या, दोन्ही बाजूंना पाट्या लागल्या. माझी बदली देवरीकडच्या जंगलातल्या शाळेवर झाली, कायम होणं लांबलं, पण झालं. तिथली वर्षं माझ्या नोकरीतली सर्वांत चांगली गेली, म्हणून त्या शिक्षेबद्दल मी साहेबांची ऋणी असायला हवी. नाही आहे. निनाद सरांची सारसवाली कथा म्हणे कुठल्याशा संमेलनात वाजली आणि लोक हेलावले. टिकी आता नागपूरला नर्स आहे, आवाज तसाच आहे. फोनवर बोलते तेव्हा मला रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागतो.

पण सांगायचं राहिलं ते पट्ट्यांच्या उद्घाटनाचं. हो, उद्घाटन झालं. विस्तार अधिकारी साहेब आले, सडकेच्या कडेला मंडप, हार, फोटोग्राफर. साहेबांनी भाषणात सांगितलं की विद्यार्थ्यांच्या सुरक्षेसाठी आपण पहिल्या दिवसापासून पाठपुरावा करत होतो. हेडमास्तर गुरुजींनी टाळ्यांना सुरुवात केली. मी मागे उभी होते, बदलीचा आदेश हातात पडलेला होता, आणि मला राग येत नव्हता. माणूस इतका क्षुद्र असू शकतो याचं कुतूहल वाटत होतं फक्त. भाषण संपलं, साहेब गाडीत बसले. तेवढ्यात शाळेची घंटा झाली आणि पोरं वस्तीतून निघाली. बायांनी सवयीने सडकेवर हात पसरले. साहेबांची गाडी सगळ्यांत पुढे अडकली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. आत्या हलली नाही. पुन्हा वाजवला. साहेबांनी काच खाली केली, मान बाहेर काढली आणि म्हणाले, "अहो बाई, मी विस्तार अधिकारी आहे."

"कोनी बी ऱ्हा जी," आत्या म्हणाली. "पोट्टे जाऊन राहिले."

साहेबांनी काच वर केली आणि थांबले.